माहेरी गेलेले सात महिने

समजा, तुम्हाला एका काचेच्या खिडकीपुढे बसून पलीकडच्या अनोळखी माणसाला पटवून द्यायचंय, की पहिल्या बाळंतपणाला तुम्ही आईकडे का गेलात. तुमच्या भाषेत नाही, त्याच्या भाषेत. रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला तेल लावायला येणाऱ्या मावशी, आईच्या हातचा गरम मऊ भात, यातलं काहीही पुरावा म्हणून चालणार नाही. आणि हे सगळं एकाच बैठकीत, कारण नकाराचं कारण ऐकायला इथे एकदाच आत बोलावतात. करून बघा. मनातल्या मनात तरी करून बघा.

यामिनी सोनटक्केला ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी खरोखर करायचं होतं. सकाळी सातपासून ती आरशासमोर उभी राहून जपानी वाक्यं म्हणत होती आणि तिचा नवरा ऋषी स्वयंपाकघरातून ओरडत होता, "अगं, हळू बोल. तू भांडायला निघालीयेस असं वाटतंय."

"मग कशाला निघालेय?"

"विचारायला."

"तेच ते," यामिनी म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

यामिनी मूळची चिंचवडची. इलेक्ट्रॉनिक्स शिकली, पुण्यात संध्याकाळच्या क्लासला जाऊन जपानी शिकली आणि २०१४ च्या शरदात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कावासाकीतल्या एका लहानशा कंपनीत आली. ही कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर करते. यामिनीचं काम ते तपासण्याचं. लिफ्टचं दार मिटताना मध्ये काही आलं, अगदी लहान मुलाचा हात, कुत्र्याचा पट्टा, म्हातारीची काठी, तर ते लगेच मागे गेलं पाहिजे. दार माणसावर मिटता कामा नये, एवढं बघण्यासाठी ती बारा वर्षं पगार घेते आहे. चांगलं काम करते. ऑफिसात तिला यामिनी-सान म्हणतात आणि नव्या पोरांनी काही लिहिलं की 'आधी यामिनी-सानच्या तावडीतून सुटू दे' असा विनोद करतात.

ऋषी तिच्यामागून आला. लग्न झालं तेव्हा तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. बायकोच्या नोकरीमागे नवऱ्याने देश सोडायचा, यावर दोन्ही घरांत चिक्कार चर्चा झाली. एका काकांनी तर भर पंगतीत विचारलं, "म्हणजे आता कुंकू कोणी कोणाच्या नावाचं लावायचं?" ऋषी म्हणाला, "काका, मी लावीन की. तुम्ही जिलबी वाढा."

पण इथे आल्यावर त्याच्या रहिवासाच्या कार्डावर एक शब्द छापून आला: अवलंबित. डिपेंडंट व्हिसा. बायकोच्या जिवावर राहणारा. आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या वर काम करायला बंदी, स्वतःचा धंदा करायला बंदी. दोन वर्षं त्याने डबे भरण्याच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभं राहून भातावर एकेक लोणच्याचं फळ ठेवलं. मग एकदा सायकलचं पंक्चर काढायला स्टेशनामागच्या ओगावा-सानच्या दुकानात गेला, म्हातारबाबांना चाक सरळ करताना पाहिलं आणि न राहवून म्हणाला, "इकडची तार अजून अर्धा फेरा." ओगावा-साननी त्याच्याकडे पाहिलं, अर्धा फेरा दिला, चाक फिरवून बघितलं आणि विचारलं, "उद्या येतोस का?"

तेव्हापासून ऋषी त्या दुकानाचा झाला. पुढे-मागे मुलांच्या सीट लावलेल्या आयांच्या जड सायकली, शाळकरी मुलींच्या घासलेल्या ब्रेक-पट्ट्या, म्हाताऱ्यांच्या तीनचाकी, सगळं त्याच्या हाताखालून जाऊ लागलं. अठ्ठावीस तास भरले की ओगावा-सान स्वतः त्याच्या हातातून पाना काढून घेत. "घड्याळ बघ, रिशी-सान. मला म्हातारपणी तुरुंगात घालतोस का?" मग ऋषी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून राही. आत एखादी आई लेकराला कडेवर घेऊन ताटकळत असे, ओगावा-सानचे थरथरते हात साखळीशी झटत असत, आणि दोन पावलांवर बसलेल्या धडधाकट माणसाला कायद्याने हात लावायची मुभा नसे. यामिनी कधी त्या वाटेने घरी येताना त्याला तसं बसलेलं पाही.

ओगावा-सान ऐंशीला टेकलेले. एकुलती एक मुलगी सेंदाईला, बँकेत. एक दिवस त्यांनी दुकानाची चावी काउंटरवर ठेवली. म्हणाले, "जागेचा करार संपत आलाय. मी काही पुन्हा करणार नाही. तू घेतलंस तर मालक तुझ्या नावाने करून देईल, मी बोललोय. नाही घेतलंस तर तो पाडून पार्किंग करणार. सायकलच्या दुकानाच्या जागी मोटारी उभ्या राहिलेल्या मला बघायच्या नाहीत."

ऋषीला दुकान घ्यायचं तर एकच वाट होती. धंद्याच्या व्हिसासाठी दाखवावं लागणारं भांडवल एवढं की त्यात अशी चार दुकानं यावीत. पण यामिनीला पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना, मिळाला असता तर तिचा नवरा म्हणून ऋषीच्या पायातली अठ्ठावीस तासांची बेडी आपोआप गळली असती. त्याने दुकान चालवावं, नाहीतर झोपा काढाव्यात, कोणी विचारणार नव्हतं. पीआरसाठी दहा वर्षं सलग राहावं लागतं. यामिनीची दहा २०२४ च्या शरदात पुरी झाली. त्याच महिन्यात तिने अर्ज भरला. जामीन म्हणून सही ओगावा-साननी केली. सही करताना ते उभे राहिले होते. जागामालकाला गळ घालून त्यांनी करारही एक वर्ष वाढवून घेतला, २०२६ च्या मार्चअखेरपर्यंत. "तोवर सरकार झोपेतून उठेल," म्हणाले.

वकिलाकडे किंवा एजंटाकडे यामिनी गेली नाही. हा तिचा गर्व म्हणा, सवय म्हणा. ती नियम कोडसारखा वाचते. जे लिहिलंय ते लिहिलंय, जे लिहिलेलं नाही ते नाही. 'सलग वास्तव्य' असं लिहिलं होतं. तिचा पत्ता सलग होता, नोकरी सलग होती, कर सलग होता, विमा सलग होता. तिने आनंदाने टिक केली.

चौदा महिन्यांनी, यंदाच्या जानेवारीत, पाकीट आलं. आत एकच पान: आपलं दहा वर्षांचं सलग वास्तव्य मान्य करता येत नाही.

त्या रविवारी टोकियोतल्या निशी-कसाईला, आपल्या लोकांच्या वस्तीत, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. यामिनीला जायचं नव्हतं, पण ऋषी म्हणाला, प्रतापदादांना विचारून तरी येऊ. प्रतापदादा म्हणजे मुंबईच्या एका बँकेतर्फे इथे आलेले आणि इथलेच झालेले साहेब. पगार मोठा, पद मोठं, त्यामुळे पगार-पदाचे पॉइंट्स मोजणाऱ्या शॉर्टकटने त्यांना पीआर एका वर्षात मिळाला होता. तेव्हापासून कॉलनीत कोणाच्याही व्हिसावर ते डॉक्टरसारखं बोलतात.

"मध्ये बाहेर किती होतीस सलग?" त्यांनी विचारलं.

"सात महिने. अपूच्या बाळंतपणाला."

प्रतापदादांचा तिळगूळ तोंडापाशीच थांबला. "सात? अगं वेडे! तीनच्या वर गेलीस की मीटर शून्यावर. पुन्हा पहिल्यापासून दहा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीय."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं गं. माहीत असतं."

"लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना माहीत आहे," यामिनी म्हणाली. "मग ज्याला सांगणारं कोणी नाही त्याने काय करायचं, दादा?"

"मला एक फोन करायचा. आणि जायचंच कशाला मी म्हणतो! आईला बोलवायचं, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. हॉस्पिटलं काय कमी आहेत इथे? तुम्ही बायका भावनेवर व्हिसा चालवता, हा प्रॉब्लेम आहे."

"बाबांची नुकतीच बायपास झाली होती. आई त्यांना कोणाच्या जिवावर टाकून येणार होती?"

"ते ठीक आहे, पण प्लॅनिंग..."

यावर वाण वाटत असलेल्या त्यांच्या बायकोने, नीलिमाताईंनी, मागे वळूनही न बघता म्हटलं, "त्यांना काय विचारतेस बाळंतपणातलं? आमच्या दोन्ही वेळी हे सिंगापूरला होते. पोरगी झाली हे त्यांना ई-मेलने कळलं." बायका हसल्या. प्रतापदादाही हसले. यामिनीला हसू आलं नाही. तीनच्या वर गेलं की शून्य. लिफ्टच्या दारात कोणी उभं आहे की नाही, हे न बघताच ते मिटवणारा कोड तिच्यापुढे कोणी ठेवला असता, तर तिने तो लिहिणाऱ्याला तसाच परत केला असता.

आता ते सात महिने कसे झाले, हे सांगायला हवं.

दिवस गेल्याची नोंद करायला यामिनी वॉर्ड ऑफिसात गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी तिला गरोदरपणाची पुस्तिका दिली, पोटावरून हात फिरवल्यासारखं हसून विचारलं, "सातोगाएरी करणार का?" यामिनीला तो शब्द नवा होता. बाईंनी हातवारे करून सांगितलं. जपानात पुष्कळ मुली बाळंतपणाला आईकडे जातात. शहरातून गावी. बाळ-बाळंतीण सावरली की परत येतात. यामिनी खुर्चीवरून जवळजवळ उडालीच. "आमच्यातपण! आमच्यातपण असंच!" दोघी टाळ्या दिल्यासारख्या हसल्या. आईकडे केलेल्या तपासण्यांचे पैसे परत कसे मागायचे तेही बाईंनी समजावलं, निघताना 'जपून जा, सुखरूप ये' म्हणाल्या. ओटी भरायची तेवढी बाकी होती. कंपनीतही विचारलं, तर एचआरने सांगितलं, कार्ड घेऊन जा, वर्षाच्या आत परत ये, नोकरी आहे तिथे आहे.

दिवस भरत आले की विमानात घेत नाहीत, म्हणून ती सप्टेंबर संपताना गेली. डोहाळजेवण झालं. डिसेंबरात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं, नाव ठेवलं अपूर्वा. आणि इथूनच घोडं अडायला सुरुवात झाली. महापालिकेच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी होती, कारण आपल्याकडे बारशाआधी नाव ठेवत नाहीत. नाव घालून दाखला नवा काढला. त्यावर पासपोर्ट. पासपोर्टवर जपानचा कागद, कारण बाळाला आईच्या पदराखाली बसून देशात शिरता येत नाही. त्याला स्वतःचं पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते इथलं इमिग्रेशन ऑफिसच देतं. ऋषीने फेब्रुवारीत अर्ज दिला. ऑफिसने आणखी एक कागद मागितला. तो दिला. मग ऑफिस गप्प. मार्च गेला. यामिनीची बॅग भरून दाराशी उभी. बाळ अंगावर पीत होतं. ऋषी रोज टपालपेटी उघडून फोन करायचा: "नाही आलं." एप्रिलच्या मध्यावर आलं. आठवड्याभरात व्हिसाचा शिक्का घेऊन मायलेकी इथे उतरल्या.

त्या सातही महिन्यांत कावासाकीच्या घराचं भाडं तिच्या खात्यातून जात होतं. शहराचा कर जात होता. इमारतीतली कचऱ्याची जागा साफ करायची पाळी आली, तेव्हा सोनटक्क्यांच्या वतीने ऋषीने कचऱ्यावरची जाळी धुतली. कर घेताना ती इथली होती. वर्षं मोजताना मात्र तिथली.

तर, मंगळवार. ऋषी इमिग्रेशन ऑफिसातल्या बाहेरच्या बाकावर बसला, कारण आत फक्त अर्जदाराला घेतात. खिडकीपलीकडे चाळिशीच्या एक बाई होत्या, मोरिता-सान. आवाज मऊ, केस नीट बांधलेले. शेजारच्या टेबलावर त्यांचा तरुण सहकारी कागदांवर शिक्के मारत होता.

मोरिता-साननी पडद्यावर पाहून वाचलं, "२०१८ च्या सप्टेंबरअखेरपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत आपण जपानबाहेर होता."

"हो. बाळंतपणाला. माझ्या आईकडे..." यामिनीने सकाळपासून घोकलेलं वाक्य सुरू केलं.

"आहा. सातोगाएरी," मोरिता-सान म्हणाल्या. एका क्षणात. ते वाक्य पुरं करायची गरजच उरली नाही.

यामिनीला समजलं, ती चुकीची तयारी करून आली होती. तिला वाटलं होतं, यांना कळत नाहीये म्हणून नकार आला. समजावून सांगितलं की कळेल. इथे तर समोरच्या बाईला सगळं कळत होतं. न कळणाऱ्याशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडायचं?

"मोरिता-सान, तुम्हाला मुलं आहेत?"

बाई जराशा घुटमळल्या. असं इथे कोणी विचारत नाही. "दोन."

"बाळंतपण कुठे झालं?"

"आकिताला."

"आईकडे?"

"...हो."

"किती महिने होता?"

शेजारचा शिक्का थांबला. मोरिता-साननी त्या बाजूला न बघता हळूच सांगितलं, "पहिल्या वेळी पाच. त्या वर्षी बर्फ फार होतं."

"मग तुमची टोकियोतली वर्षं मोडली?"

"आकिता जपानमध्येच आहे, सोनटक्के-सान."

"बरोबर," यामिनी म्हणाली. "माझी आई नाहीये."

मग यामिनी पुढे झुकली. ऋषीने शिकवलेलं 'हळू बोल' तिने लक्षात ठेवलं, म्हणून तिचा आवाज नेहमीपेक्षाही खाली आला.

"मी एप्रिलपर्यंत का थांबले, ते बघा ना. बाळाचा कागद तुमच्याच ऑफिसात होता. फेब्रुवारीत दिला, एप्रिलमध्ये मिळाला. कागदाशिवाय बाळाला विमानात घेत नव्हते. बाळ दोन महिन्यांचं होतं, फक्त माझं दूध पीत होतं."

मोरिता-साननी पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला. "तो अर्ज नेहमीच्या मुदतीतच निकालात निघाला आहे."

"म्हणजे ऑफिसची चूक नाही."

"नाही."

"माझी?"

"चूक कोणाचीच नाही. सगळ्या गोष्टींचा एकंदर विचार करून..."

"चूक कोणाचीच नाही आणि शिक्षा मला एकटीला," यामिनी म्हणाली. "तुमच्याच खिडकीत बसलेल्या कागदाची मी वाट पाहिली, आणि ती वाट तुम्ही माझ्या नावावर लिहिलीत."

मोरिता-साननी मान खाली घातली. इथल्या माणसाने मान खाली घातली की बोलणं संपतं, हे यामिनीला बारा वर्षांत कळलेलं होतं. पण आज तिला संपवायचं नव्हतं.

"एवढंच सांगा. त्या वेळी मी काय करायला हवं होतं? बाळाला तिथे ठेवून परत यायला हवं होतं का?"

"त्याबद्दल आमच्याकडून काही सांगता येणार नाही."

"यायला हवं होतं असंही म्हणत नाही, नको होतं असंही म्हणत नाही?"

"क्षमस्व. २०२९ च्या एप्रिलनंतर जरूर अर्ज करा." मोरिता-सान उभ्या राहून वाकल्या. शेजारच्या पोराने पुन्हा शिक्के सुरू केले.

बाहेर ऋषी उठून उभा राहिला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्यासुद्धा आईकडे गेल्या होत्या."

"मग?"

"मग काय! त्यांची आई आकिताला असते."

ऋषीने काहीतरी अस्सल पिंपरी-चिंचवडचं तोंडातल्या तोंडात म्हटलं. रांगेत उभ्या एका नेपाळी पोराला ते कळलं असावं, तो खुदकन हसला.

ओगावा-साननी ही हकिगत दुकानात, स्टुलावर बसून ऐकली. त्यांना पहिल्यांदा खरं वाटेना. मग त्यांचे कान लाल झाले. "माझी बायको निगाताची. बाळंतपणाला गेली ती बर्फ वितळल्यावर परत आली. मी स्टेशनावर घ्यायला गेलो होतो. कोणी विचारलं नाही की बाई, मधले महिने तू कुठली होतीस!" मग एकदम आठवून म्हणाले, "थांबा. जामीन म्हणून मी सही केलीय. मी म्हटलंय ही बाई इथली आहे. म्हणजे मी खोटा?" त्यांनी आतून टाय आणून गळ्यात बांधला आणि आताच्या आता त्या ऑफिसात जातो म्हणून हट्टाला पेटले. ऋषीने त्यांना कसंबसं बसवलं, चहा दिला. टाय गळ्यात तसाच राहिला, ग्रीसच्या डागांच्या शर्टावर.

रात्रीच्या फोनवर आईला सांगणं यामिनीने चार दिवस टाळलं. शेवटी सांगितलं. आईने, चित्राबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. नियम-बियम त्यांना फारसे कळले नाहीत, एवढंच कळलं की ती इकडे आली म्हणून तिचं नुकसान झालं.

"माझंच चुकलं गं यामू," त्या म्हणाल्या. "पहिलं माहेरीच व्हायला हवं, हे मीच धरून बसले. तुझे सासरचे तर म्हणत होते की..."

आणि इथे मात्र यामिनीचा आवाज चढला. खिडकीपुढे चढला नव्हता, प्रतापदादांपुढे चढला नव्हता, तो इथे चढला. "आई, तू माफी मागायची नाहीस! कळलं? तू लेकीला घरी बोलावलंस आणि जेवू घातलंस. यात चुकण्यासारखं काय आहे? सगळ्यांनी मला सांगितलं तरी चालेल, तू नाही सांगायचंस."

पलीकडे आई रडत होती. अलीकडे पहिलीतली अपू दारात येऊन उभी राहिली आणि जपानीत विचारती झाली, "कोणावर ओरडतेस?"

"कोणावर नाही."

"आजीवर?"

"आजीवर नाही. झोप जा."

अपू जपानीतच म्हणाली, "मग ज्याच्यावर ओरडायचंय, त्याच्यावर ओरड ना."

मार्चच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद झालं. गल्लीतल्या आया आपापल्या सायकली शेवटची हवा भरायला घेऊन आल्या. एकीने ऋषीला विचारलं, "आता आम्ही कुठे जायचं?" आणि ऋषीने तिला मॉलमधल्या दुकानाचा पत्ता सांगितला, जिथे तारा आवळून चाक सरळ करत नाहीत, चाकच बदलतात. त्या आठवड्याचे त्याचे तास आदल्याच दिवशी भरले होते. त्यामुळे शेवटच्या दिवशीही तो बाहेरच्या बाकावरच होता. ओगावा-साननी त्याला आत बोलावलं नाही. तेच बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसले. संध्याकाळी दोघांनी मिळून शटर ओढलं. ते ओढणं कामात मोडतं की नाही, यावर ओगावा-सान मोठ्याने म्हणाले, "पकडा म्हणावं."

जूनपर्यंत तिथे डांबर पडलं, पांढऱ्या रेघा आल्या.

यामिनी २०२९ पर्यंत थांबायला तयार नाही. दुकान गेलं म्हणून ती थांबेल, असं प्रतापदादांना वाटलं होतं. "उगाच लगेच परत अर्ज करू नकोस, रेकॉर्डवर वाईट दिसतं," त्यांनी फोन करून सांगितलं. यामिनी म्हणाली, "दिसू दे, दादा. जे झालं तेच दिसेल." नीलिमाताईंनी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाल्या, "तू कर गं. ह्यांचं मी बघते."

तिने अर्ज पुन्हा भरला आहे. जामीन पुन्हा ओगावा-सानच, आणि या वेळीही ते उभे राहूनच सही करून गेले. अर्जासोबत कारणाचं एक पान जोडायचं असतं. लोक त्यात हा देश मला किती आवडतो, इथली शिस्त, इथली स्वच्छता असं लिहितात. मागच्या वेळी यामिनीनेही लिहिलं होतं. या वेळी ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने मसुदा वाचून तिला विचारलं, "यामिनी-सान, शेवटचं वाक्य काढूया का? अधिकाऱ्यांना असं विचारत नाहीत."

यामिनी म्हणाली, "मला माहितीय, विचारत नाहीत. राहू दे."

ते वाक्य असं आहे: दोन महिन्यांच्या लेकीला आईच्या घरी सोडून मी एकटी परत आले असते, तर तुम्ही मला इथली म्हणाला असतात का?